परक्यावर न भुंकणारा

१३ जानेवारी, रविवार

समुपदेशक बाईंनी ही वही लिहायला सांगितली आहे. "मुलीला जे जे विचारावंसं वाटतं, ते वहीला विचारा," म्हणाल्या. मी मान डोलावली. वहीला विचारणार काय, कपाळ? वही थोडीच त्या घरात जाऊन येते!

आज भिंगरी सहा वाजता तिच्या आईकडे गेली. शनिवार दुपार ते रविवार संध्याकाळ, एवढीच ती माझी. नऊ वर्षांची आहे, पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून मी ठेवलेलं नाव भिंगरी. पण हल्ली इथे आली की खुर्चीत बसून राहते. मी साधंच विचारलं. तिकडे स्वयंपाक कोण करतं, टेबलाशी कोण कुठे बसतं, आई त्याच्याशी बोलताना हसते का, कशावर हसते. "हो बाबा", "नाही बाबा", "माहीत नाही बाबा". जणू मी फौजदार आहे.

निघताना म्हणाली, "मी एक आड एक शनिवारी आले तर चालेल?"

"का?"

"इथे प्लास्टरचा वास येतो."

मी दातांच्या कवळ्या बनवतो. पुढच्या खोलीत माझं कामाचं टेबल, साचे, मेण, ॲक्रिलिक. वास येणारच. नऊ वर्षं काय अत्तराचा येत होता? खरी गोष्ट वेगळी आहे. तिकडे त्याने तिला पाटीभर वाळूत नदी करून दाखवली. वरून पाणी सोडलं की वळणं घेत जाते म्हणे. तो शाळेत भूगोल शिकवतो. भूगोलवाला. त्याचं नाव या वहीत यायचं नाही.

माझ्याकडे नदी नाही. पण एक गोष्ट आहे, जी त्या घरात कधीच येऊ शकत नाही. भिंगरीच्या आईला केसाळ प्राणी जवळ आला की शिंकांवर शिंका सुरू होतात. आणि भिंगरीला बोलता यायला लागल्यापासून कुत्रा हवा आहे.

कुत्रा आणायचा. ठरलं.

१६ जानेवारी, बुधवार

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. ठेंगण्या, हातांवर जुन्या ओरखड्यांच्या रेघा, बोलणं तुकडा पाडल्यासारखं. म्हटलं, मुलीशी मायाळू असेल, पण परका माणूस फाटकाशी आला तर अंगावर जाईल, असा कुत्रा सांगा.

"एका कुत्र्यात दोन कुत्रे मागताय."

"बरं, मुलीशी मायाळू."

"मग लॅब्रेडॉर. पण आधीच सांगते, राखणीच्या नावानं शंख. चोर आला तर त्याला सगळं घर फिरवून दाखवेल."

वाचायला एक जाडं पुस्तक दिलं. मूळचे हे थंड समुद्रावरच्या कोळ्यांचे कुत्रे. जाळ्यातून निसटलेला मासा गार पाण्यात उडी टाकून धरायचा, दोराचं टोक तोंडात घेऊन पोहत आणायचं. अंगावर केसांचे दोन थर, बोटांमध्ये बदकासारखी कातडी, शेपूट जाड, पोहताना वल्ह्यासारखं चालतं. पुढे शिकारी लोकांनी त्यांना उचललं, पाडलेलं पाखरू दात न लावता आणून द्यायला. तोंड इतकं मऊ की अंडंही फुटत नाही म्हणे. तोंडात धरलेलं मागितलं की सोडून देतात, हा त्यांचा मोठा गुण. मला तर हा शुद्ध बावळटपणा वाटला.

स्वभावाच्या पानावर लिहिलंय, अनोळखी माणसाशी वैर नसतं. तिथे पेन्सिलीने खूण केली. हे बदलता येईल. जबडा कितीही वाकडा असो, मी दात सरळ रांगेत बसवतो, हा तर एक कुत्रा.

२२ जानेवारी, मंगळवार

काल सकाळी आणला. दोन वर्षांचा, पिवळसर, डोकं घमेल्याएवढं. ज्यांचा होता ते लोक दुसऱ्या शहरात चाललेत, तिथल्या घरात कुत्रा ठेवू देत नाहीत. त्यांचा मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. कुत्रा मात्र माझ्या गाडीत उडी मारून बसला, समोर बघत. दोन वर्षांचं घर सोडलं आणि मागे वळून बघितलंसुद्धा नाही. आणि याला म्हणे निष्ठावान प्राणी म्हणतात.

खात नाही. काल दिवसभर नाही, आज सकाळी नाही. लाडावून ठेवला असणार, साधं अन्न घशाखाली उतरत नाही. पुस्तकात लिहिलंय, या जातीची भूक कधी संपतच नाही. म्हणजे पुस्तकातही काहीबाही लिहितात.

सारखा दाराच्या फटीला नाक लावून पडलेला असतो. वारा आवडतो वाटतं.

२७ जानेवारी, रविवार

काल भिंगरी आली. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि पिवळा डोंगर तिच्या अंगावर. दोघं जमिनीवर. ती हसत होती की रडत होती, कळेना. "बाबा, हा आपला? आपला म्हणजे आपला?"

तिने नाव ठेवलं भोपळ्या. दोन दिवस माझ्या घरात हसण्याचा आवाज होता. कुत्रासुद्धा वाडगं चाटून पुसून जेवला.

माझी जागा कुठे, ते मात्र कळलं नाही. ती चार तास त्याच्या पोटावर डोकं ठेवून त्याच्याशी बोलत होती. मी बाजूच्या खोलीत कवळी घासत होतो. घासायचं यंत्र बंद ठेवलं, ऐकू यावं म्हणून. वर्गातल्या मैत्रिणीशी भांडण झालंय. पोहायची भीती वाटते. दाढ हलतेय. यातलं एक अक्षर मला सांगितलेलं नाही, आणि दात हा तर माझा विषय! शेवटी त्याच्या कानात म्हणाली, "तू किती छान आहेस. तू काहीच विचारत नाहीस."

कुत्रा विचारणार कसा? मुलं काहीही बोलतात.

सहाला भूगोलवाला आला. तिची आई स्वतः येत नाही, मला टाळते. भोपळ्या धावत गेला. मी पायरीवर उभा राहून वाट बघतोय, आता गुरगुरेल, आता तरी गुरगुरेल. त्याने अख्खं अंग हलवलं, परत आत पळत आला, माझी चप्पल उचलली आणि नेऊन त्याच्या पायाशी ठेवली. माझी. चप्पल.

तो उकिडवा बसून म्हणाला, "वा! भेट आणलीस?"

चप्पल मी हिसकावून घेतली. दाताची खूणही नव्हती तिच्यावर.

५ फेब्रुवारी, मंगळवार

भूगोलवाला रविवारी फाटकावर मफलर विसरून गेला. राखाडी, कडेला एक धागा सुटलेला. मला कल्पना सुचली. मफलर दाखवायचा, "वाईट! वाईट!" म्हणून ओरडायचं, पाय आपटायचा. भोपळ्याने दोन मिनिटं माझ्याकडे नीट बघितलं. मग त्याला वाटलं असावं की या माणसाला बऱ्याच दिवसांनी खेळावंसं वाटतंय. मफलर तोंडात धरून तो तीन वेळा घरभर पळाला आणि आपल्या पांघरुणात घेऊन झोपला. काढून घेतला तर माझ्या तोंडाकडे असा बघतो की मीच चोर.

संध्याकाळी थोरल्या ताईचा फोन. तिला सांगितलं तर फिस्सकन हसली, मग आवाज उतरवून म्हणाली, "अरे, तू हेच तुझ्या बायकोशी केलंस."

"काय केलं मी?"

"कुणावर शेपूट हलवलेलं तुला चालायचं नाही."

ताईला काही कळत नाही. संसार होता तेव्हा मी काय केलं? ती शाळेच्या ग्रंथालयात होती, मी दिवसातून चार फोन करायचो. काळजीपोटी. लोक तर दहा करतात. कधीकधी शाळा सुटताना समोरच्या दुकानात उभा राहायचो, तेही ती दिसावी म्हणूनच. तेव्हा भूगोलवाला नव्हता. तेव्हा मला गणिताच्या मास्तरचा संशय होता. मग एकदा बघितला तर तो साठीचा, कवळी लावणारा निघाला. कवळी माझीच होती. आणि तिने ते मला कधी सांगितलं नव्हतं, यावरून आमचं मोठं भांडण झालं. म्हणजे चूक कुणाची?

१० फेब्रुवारी, रविवार

काल दुपारी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची कवळी तयार करून, चकचकीत करून टेबलाच्या कडेला ठेवली. वरची, चौदा दातांची, तीन दिवसांचं काम. हात धुऊन येतो तो जागा रिकामी. बाहेर आलो तर भोपळ्या अंगणाच्या मधोमध बसलेला आणि कवळी त्याच्या जबड्यात अशी, की बाईच हसतायत माझ्याकडे बघून.

भिंगरी किंचाळली, "बाबा, भोपळ्याला दात आले!"

मी ओरडलो नाही. तळहात पुढे केला आणि "दे" म्हणालो. त्याने अलगद ठेवली, लाळेने माखलेली. भिंगाखाली बघितली, कुठे ओरखडा नाही. मग आम्ही दोघं हसायला लागलो आणि थांबेचना. ती माझ्या मांडीवर डोकं टेकून हसत होती. आम्ही वेगळे झाल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदा. तिच्या केसांना कसलातरी नवीन साबणाचा वास होता. कुठला, ते मी विचारलं नाही.

तेवढ्यात डोळे पुसत म्हणाली, "हे काकांना सांगायला पाहिजे!"

काका म्हणजे भूगोलवाला. माझं हसू तिथेच खाली पडलं. कवळी जंतुनाशकात बुडवायला आत गेलो.

२४ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते लिहितो.

सकाळपासून भिंगरीचं एकच. पुढच्या रविवारी भोपळ्याला नदीवर न्यायचं, काका पण येतील, काकांना पोहता येतं, ते मलाही शिकवणार आहेत. "काका म्हणाले, भोपळ्या पाण्यात पडला की मोटारबोटच." म्हणजे माझ्या कुत्र्याची चर्चा तिकडच्या जेवणाच्या टेबलावर चालते. मी नाही म्हणालो. ती उठून भोपळ्यापाशी गेली आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून बसली.

सहाला तो आला. भिंगरी गाडीत बसली, दार लावायच्या आत भोपळ्या उडी मारून तिच्या शेजारी. हाका मारल्या, उतरेना. भूगोलवाला हसला, "निघालाच की हा आमच्याबरोबर!" भिंगरी टाळ्या वाजवत होती. समोरच्या घरातली म्हातारी गॅलरीतून बघत हसत होती. मी गळपट्टा धरून त्याला ओढून काढला. जरा जास्तच जोरात ओढला. तो केकाटलासुद्धा नाही, नुसता घरंगळत बाहेर आला आणि माझा हात चाटला.

बायको गेली, मुलगी आठवड्याला दीड दिवस, आणि आता कुत्राही त्याच्या गाडीत.

राखणीचे कुत्रे तयार करणाऱ्या एका माणसाचा नंबर एका दंतवैद्याने दिला होता. फोन केला. "दहा-बारा दिवस ठेवा," म्हणाला. "वाघ करून देतो."

२५ फेब्रुवारी, सोमवार

सोडून आलो. गावाबाहेर पत्र्याच्या शेड, साखळ्या, गवत नसलेलं मैदान. भोपळ्याने त्या माणसाला आपणहून पंजा दिला. तो माणूस म्हणाला, "आधी हे विसरायला लावावं लागेल."

जाळीचं दार बंद झाल्यावर भोपळ्या थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी गाडी सुरू केली. परत येताना वाटेत कुठे वळलो ते आठवत नाही.

२ मार्च, शनिवार

भिंगरीला सांगितलं, त्याचं पोट बिघडलंय, डॉक्टरीणबाईंकडे ठेवलाय. भेटू देत नाहीत. तिने दुपारभर बसून रंगीत कागदाचं पत्र केलं. वर भोपळ्या, त्याच्या डोक्यावर बर्फाची पिशवी. "बाबा, तुम्ही पण लिहा काहीतरी." मी लिहिलं, लवकर बरा हो. माझं अक्षर चांगलं आहे. आज वाकडं आलं.

८ मार्च, शुक्रवार

आणला घरी. बरगड्या दिसतायत. तो माणूस म्हणाला, "मोठा चिवट निघाला. काठी दाखवावी लागली. भुंकत तर नाहीच, पण आता परक्याला जवळ येऊ देत नाही."

घरात शिरला तो सरळ कामाच्या टेबलाखाली. दोन्ही भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात. मी वाकलो तर डोळे मिटून घेतले त्याने.

घराची सवय मोडली असेल. लागेल पुन्हा.

१० मार्च, रविवार

लागली नाही.

काल भिंगरी पत्र हातात घेऊन धावत आली. तो टेबलाखालून बाहेर आला, पोट जमिनीला लावून, सरपटत. तिने डोळ्यांवर आलेले केस मागे सारायला हात वर केला. एवढंच. भोपळ्या फरशीवर चेपला गेला आणि त्याच्याखाली ओल पसरली.

ती तशीच उभी राहिली, हात वर. मग अगदी हळू, पाण्यातून हात खाली आणावा तसा तिने तो खाली घेतला.

"बाबा, ह्याला कुणी मारलं?"

"कुणी नाही गं. आजारी होता ना."

"डॉक्टरांनी मारलं?"

"छे!"

"मग कुणी?"

एवढे प्रश्न तिने मला आजवर विचारले नव्हते. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

तिने ती फरशी स्वतः पुसली. मला पुसू दिली नाही. उरलेला दिवसभर ती टेबलाशेजारी बसून होती, त्याला हात न लावता.

आज सहाला भूगोलवाला आला. भोपळ्या त्याला बघून कोपऱ्यात मागे मागे सरकला, भिंतीत शिरायला बघत असल्यासारखा. भूगोलवाला फाटकातच थांबला. आत आला नाही. खाली बसला, तोंड दुसरीकडे वळवलं आणि तळहात जमिनीवर पालथा ठेवला. पाच-सात मिनिटं. भोपळ्या त्याच्याकडे गेला नाही.

मला हवं होतं ते अगदी हेच. सहा आठवडे मी याच दृश्याची वाट बघत होतो. आत येऊन मी स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि नुसता त्याच्यापुढे उभा राहिलो.

१६ मार्च, शनिवार

भिंगरी आली नाही. फोन केला. तिच्या आईने उचलला.

"तिला यायचं नाहीये."

"काही म्हणाली का?"

"म्हणाली, बाबा खोटं बोलतात."

मग म्हणाली, "मी तुला विचारणार नाही, काय झालं ते. खूप वर्षं मला विचारलेलं आहे. त्याचा काय उपयोग होतो, ते मला चांगलं ठाऊक आहे."

१८ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंकडे भोपळ्याला उचलून न्यावं लागलं. त्यांनी त्याच्या पाठीवरचे केस बाजूला केले, बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बोला."

सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. मफलरपासून गाडीपर्यंत.

त्या ओरडतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "किती पिढ्या लागल्या असतील हो माणसांना, याच्यातलं वैर काढून टाकायला. तुम्हाला ते दहा दिवसांत परत भरायचं होतं. भरलं नाही गेलं. नुसती भीती भरली."

मग औषध लिहून दिलं, आणि वर सांगितलं की औषधाने हे जायचं नाही. माझ्या हाताची, माझ्या घराची त्याला धास्ती बसली आहे. ज्याच्याशी मार जोडलेला नाही असं कुणीतरी रोज, ठरलेल्या वेळी, शांतपणे त्याच्याजवळ बसायला हवं. "ज्याच्यावर याचा आधीपासून जीव आहे असं कोणी?"

"मुलगी. पण ती येत नाही."

"दुसरं?"

भिंतीवर मांजराच्या दातांचं चित्र होतं. दाढांची मुळं मी मोजली.

"एक आहेत," मी म्हणालो.

१९ मार्च, मंगळवार

त्या घरी गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदा. तिसरा मजला, दाराबाहेर तीन जोडी पादत्राणं, सगळ्यांत छोटी मधे. मी बराच वेळ त्या चपलांकडे बघत उभा होतो.

तिच्या आईने दार उघडलं. माझ्या कपड्यांवर भोपळ्याचे केस, तिला लगेच शिंक आली. तरी दार लावलं नाही. मागे भिंगरी, एका पायात मोजा, एक हातात. टेबलाशी भूगोलवाला, लाल पेनाने वह्या तपासत.

जिन्यात चार वाक्यं घोकून गेलो होतो. एकही आठवेना.

"भिंगरी, भोपळ्याला मी पाठवलं होतं. तो आजारी नव्हता. कुत्र्यांना शिकवणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे. त्याने मारलं. पण पाठवलं मी."

"का?"

"कारण तो काकांवर भुंकत नव्हता."

भिंगरी माझ्याकडे बघत होती, कवळीतला दात चुकीच्या जागी बसलाय का ते मी बघतो, तशी. मग वळून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तिची आई नाक पुसत म्हणाली, "हे तू बोललास? तू?" आवाजात राग नव्हता. काय होतं, कळलं नाही.

मग मी त्याच्याकडे वळून डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. त्याने पेनाला टोपण लावलं. "सहा वाजता येऊ? शाळा सुटल्यावर मला जमेल."

बस, एवढंच. एखादा टोमणा तरी मारायचा! "आता आलात ना माझ्या दारात" असं काहीतरी. मी पायऱ्या उतरताना त्याचीच वाट बघत होतो. तेवढंसुद्धा त्याने मला दिलं नाही.

२४ मार्च, रविवार

रोज येतो. सहा म्हणजे सहा. माझ्या पायरीवर बसतो, भोपळ्याकडे पाठ करून, आणि वह्या तपासतो. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी भोपळ्या टेबलाखालून निघून उंबऱ्यापर्यंत आला. आज त्याने त्याच्या बुटावर हनुवटी ठेवली.

मी खिडकीतून बघतो. माझं घर, माझी पायरी, माझा कुत्रा, आणि हनुवटी त्याच्या बुटावर. तोंडात कडू येतं. आज दोन खालच्या कवळ्या बिघडवल्या.

भिंगरी या आठवड्यातही आली नाही. काल आली असती तर हे बघितलं असतं तिने.

३ एप्रिल, बुधवार

आज ते म्हणाले, "तुम्हीही बसा की बाहेर. आतून बघताय, ते त्याला कळतं."

मला वाटत होतं, पडद्याआडून दिसत नाही.

बसलो, दोन हात अंतरावर. काय बोलायचं? शेवटी मी विचारलं, नदी वळणं का घेते? त्यांनी सांगितलं. पाणी एका काठाचं थोडं खरवडतं आणि पलीकडे नेऊन ठेवतं, म्हणून. एका नदीची पन्नास वर्षांची वळणं वहीच्या मागे काढून दाखवली. माणूस चांगलं शिकवतो. हे लिहिताना पेन अडखळलं, पण लिहितो.

भोपळ्या आमच्या मधे येऊन बसला. पाठ त्यांच्याकडे टेकलेली. शेपूट माझ्या बाजूला होतं. हललं नाही, पण होतं.

१४ एप्रिल, रविवार

काल दुपारी फाटक वाजलं. भिंगरी.

"मी भोपळ्याला बघायला आलेय," म्हणाली. माझ्याकडे बघून नाही. मी म्हणालो, "हो."

भोपळ्या तिच्याकडे चालत गेला. उडी नाही मारली, पण चालत गेला, आणि तिच्या पोटात डोकं घातलं. ती रात्री राहिली. माझ्याशी कामापुरतं बोलली. मीठ द्या, टॉवेल कुठे आहे.

आज दुपारी मी एका कवळीचं मेण कापत होतो. ती टेबलाच्या पलीकडे येऊन उभी राहिली.

"काका रोज संध्याकाळी निघून जातात, तेव्हा भोपळ्या रडतो?"

नाही म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. दोन अक्षरं, कुणाला कळलं असतं?

"हो," मी म्हणालो. "फाटकापाशी जातो आणि कण्हतो. पंधरा-वीस मिनिटं."

"मग तुम्ही काय करता?"

"जाऊन त्याच्याजवळ बसतो खाली. फरशीवर. हात नाही लावत. त्याचं थांबेपर्यंत बसतो."

ती मेणाचा एक तुकडा बोटांत मळत राहिली.

"राग नाही येत तुम्हाला? तो काकांसाठी रडतो म्हणून?"

"येतो."

"तरी बसता?"

"तरी बसतो."

तिने त्या मेणाचं काहीतरी केलं, चार पायांचं. मग खाली बघत म्हणाली, "मी पण रडते. रविवारी तिकडे गेल्यावर. बूट काढताना."

"का गं? तिकडे काही—"

"तुमच्यासाठी."

माझ्या हातात गरम चाकू होता. तो मी दिव्याशेजारी ठेवला.

"दर रविवारी?"

"बहुतेक. तुम्ही फाटकात एकटे उभे असता ना, ते आठवतं. आईला सांगत नाही मी. तिला वाईट वाटेल." मेणाच्या प्राण्याला तिने शेपूट लावलं. "काकांना माहितीये. ते येऊन बसतात माझ्याजवळ. बुटांच्या कपाटाशी, खाली. त्यांचे गुडघे दुखतात, तरी बसतात. काही बोलत नाहीत. मग मी गप्प झाले की म्हणतात, चला, हात धुवा."

टेबलाला वळसा घालून तिच्याकडे जायला मला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. ती मला घट्ट धरून उभी राहिली. प्लास्टरने माखलेल्या माझ्या शर्टाला नाक लावून.

सहा वाजता फाटक वाजलं. भोपळ्याने कान टवकारले आणि त्याचं शेपूट टेबलाच्या पायावर धप् धप् आपटायला लागलं. भिंगरी बूट घालायला बसली. मी बाहेर गेलो. ते नेहमीसारखे फाटकाच्या बाहेरच उभे होते, वह्यांची पिशवी काखेत, मी बोलावल्याशिवाय आत न येता.

मी कडी काढली.

"आत या," म्हटलं. "चहा ठेवतो. आणि पायरीवर नका बसू, खुर्ची आणतो. तुमचे गुडघे दुखतात."